खिडकी बंद केलीत, पण वेबसाइटवरचा अर्ज माणसांना भरता येतो का?

प्रति,
माननीय विश्वस्त व व्यवस्थापक,
आणि त्यांची वेबसाइट तयार करणारी मंडळी,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या कार्यालयाच्या खिडकीला आतून एक कागद चिकटवला गेला. ‘यापुढे अर्ज खिडकीवर स्वीकारले जाणार नाहीत. सर्व अर्ज संस्थेच्या वेबसाइटवरच भरावेत.’ खाली सही, शिक्का. त्या दुपारपासून तिथून माघारी फिरलेली माणसं माझ्या दुकानात यायला लागली, तेव्हा मी स्वतः जाऊन तो कागद वाचला. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि असाच कागद शहरात आणखी तीन-चार ठिकाणी लागलाय. चुकाही सगळीकडे त्याच आहेत. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

मी मध्यवर्ती बसस्थानकाजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. बारा वर्षं झाली. सातबारा, पॅनकार्ड, परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं. सीझनला दिवसाकाठी तीस-चाळीस फॉर्म होतात. वेबसाइट बनवायला मला येत नाही. पण जिथे माणूस कागदांची पिशवी मांडीवर धरून बसलेला असतो, त्या बाजूने मी रोज वेबसाइट बघते. एका फॉर्मचे पन्नास रुपये घेते. वेबसाइट जितकी अवघड तितकं माझ्याकडे गिऱ्हाईक जास्त, हे मला कळतं. तरी लिहितेय, कारण पन्नास रुपये घेऊनही माणसाला काम न होता परत पाठवायची वेळ येते, आणि अशा वेळी तो माझ्या तोंडाकडे बघतो. तुम्ही तिथे नसता.

एकाच दिवसाचं सांगते.

गगनबावडा तालुक्यातले एक मामा सकाळच्या पहिल्या एसटीने आले. वय सत्तर. नातीला अकरावीला कोल्हापुरात घातलंय, तिच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता. मुलीचे वडील नाहीत, त्यामुळे पालक म्हणून आजोबाच. आधी ते तुमच्या खिडकीवर जाऊन आले होते. पिशवीत सगळे दाखले, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, टाचणी लावून. मला म्हणाले, ‘ताई, दुपारची गाडी घावंल न्हवं?’ मी म्हटलं, ‘घावंल की मामा, अर्ध्या तासाचं काम.’

तुमचं पहिलं पान उघडलं. वर उद्घाटनाचे पाच फोटो एकामागून एक सरकतायत, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलेला, चार-पाच एमबीचा. त्याखाली लाल अक्षरांची पळती पट्टी. प्रवेशाची सूचना त्या पट्टीत होती. ती वाचायची तर पट्टी फिरून परत येईपर्यंत थांबायचं आणि मग पळत्या अक्षरावर नेमका क्लिक करायचा. मामा म्हणाले, ‘थांबवा की जरा तिला.’ ती थांबवायची सोय नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारा मजकूर वाचणाऱ्याला थांबवता आला पाहिजे, हा डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या जागतिक नियमांतला जुना नियम आहे. आणि ती पट्टी ज्या जुन्या पद्धतीने फिरवतात, ती एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, प्रमाणात कालबाह्य ठरवलेली आहे.

सूचना उघडली तर तो कागदाचा फोटो. तिरका. शेवटची तारीख नेमकी शिक्क्याखाली गेलेली. १२ आहे की १७, हे मी आणि मामांनी बघितलं आणि दोघांचं मत वेगळं पडलं.

हे असं का होतं हे मला माहीत आहे, कारण मीही आधी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम, करत होते. सूचना जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की अक्षरांची कचकच दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरच असतं, वरून फक्त मराठी रूप चढवलेलं. मग वैतागून कुणीतरी प्रिंट काढतं, शिक्का मारतं आणि फोनने फोटो काढून चढवतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आज साध्यातल्या साध्या फोनवर युनिकोड मराठी दिसतं आणि टाइपही होतं. तरी तुमच्या सूचना फोटोतच. फोटोतलं अक्षर मोठं केलं की फाटतं, शोधलं की सापडत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी ते कोरंच असतं.

मग फॉर्म. पालकाची जन्मतारीख. रकान्यात टाइप करता येत नाही, कॅलेंडरच उघडतं, आणि ते उघडतं आजच्या महिन्यावर. मागे जायला डावीकडे एक बाण. एका क्लिकला एक महिना. सत्तर वर्षांचे महिने होतात आठशे चाळीस. मी मोजत बसले नाही, पण बाणावर बोट ठेवून मामांच्या जन्मसालापर्यंत जाताना दोनदा पुढे निघून गेले. मामा खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, ‘माझंच वय लई झालंय बघा.’ त्यांना वाटलं चूक त्यांची. ही एक गोष्ट मला त्या दिवसापासून सलतेय. जन्मतारखेला तीन साधे रकाने पुरतात: दिवस, महिना, साल.

पुढे पत्ता. तालुक्यांची आणि गावांची यादी फक्त इंग्रजीत. आता हे कोल्हापूर आहे. इथे ‘बावडा’ म्हटलं की शहरातल्या माणसाला शहरातलंच कसबा बावडा कळतं आणि घाटाकडच्या माणसाला गगनबावडा. तुमच्या यादीत एक बावडा ‘व्ही’ने लिहिलेला, दुसरा ‘डब्ल्यू’ने, आणि पुढेमागे काही नाही. मी बारा वर्षं हेच करते तरी चुकले. चुकीचा बावडा निवडला, त्यामुळे पुढच्या पानावर ‘तुम्ही शहर हद्दीतील असल्याने अर्जास अपात्र’ असं आलं. मागे गेले. मागे गेल्यावर आधी भरलेलं सगळं पुसलेलं. नाव, आधार, गुण, जात प्रमाणपत्राचा क्रमांक, सगळं.

दुसऱ्यांदा भरलं. कागदपत्रं चढवायच्या पानावर फोटो ‘वीस ते पन्नास केबी’ पाहिजे. हल्ली फोनवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो आपोआप लहान करून घेणं वेबसाइटला अवघड नाही. तुमची साइट ते करत नाही आणि नेमकं काय चुकलं हेही सांगत नाही. नुसतं ‘अवैध फाइल’. मी एकेक फाइल लहान करत बसले, आणि सहापैकी पाचवी चढवताना पान म्हणालं, ‘आपले सत्र संपले आहे.’ ना आधी सूचना, ना ‘अजून वेळ हवा का’ असा प्रश्न. वेळ संपत आल्याचं आधी सांगावं आणि एका साध्या क्लिकने मुदत वाढवून घ्यायला निदान वीस सेकंद द्यावेत, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे. दुपारची गाडी गेली.

तिसऱ्यांदा भरून पैसे भरायच्या पानावर पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. पैसे कापले गेले. चाक फिरत राहिलं. ‘मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका’ अशी तंबी. बारा मिनिटं आम्ही दोघं त्या चाकाकडे बघत बसलो. मग पान कोरं. पावती नाही, अर्ज क्रमांक नाही. ‘संपर्क’ उघडलं तर तिथे नकाशा, तुमच्या इमारतीचा फोटो आणि एक फॉर्म. फोन नंबर शोधून काढला, तो लँडलाइनचा, नुसता वाजत राहिला. मामा त्या रात्री शिवाजी पेठेत पाहुण्यांकडे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तुमच्या कार्यालयात गेलो. आतले कारकून भले माणूस. त्यांनी दार उघडून आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, ‘ताई, आमच्याकडं यातलं काहीच दिसत नाही हो. ते सगळं साइटवाल्यांकडं असतंय.’

म्हणजे खिडकी बंद झाली, आणि खिडकीमागच्या माणसाच्या हातातलं कामही गेलं. पूर्वी हाच माणूस अर्ज हातात घेऊन म्हणायचा, ‘इथं सही राहिली, मामा.’ ‘बावडा कुठला, गगन का कसबा?’ ‘हा दाखला उद्या आणून द्या, तोवर अर्ज ठेवून घेतो.’ तुमच्या वेबसाइटला यातलं एकही वाक्य येत नाही. माझी तक्रार ऑनलाइनबद्दल नाही. नीट केलेली साइट असेल तर ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत होतो, माणसाला गगनबावड्याहून यावंही लागत नाही, नात स्वतःच्या फोनवर भरते. तसे फॉर्मही मी भरलेत. तक्रार ही आहे की त्या कारकुनाची जागा तुम्ही ज्याला दिली, त्याला त्याचं काम शिकवलंच नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्या लहान नाहीत.

तुमच्याकडचे बहुतेक अर्जदार फोनवरूनच येतात. फोनवर तुमच्या पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात ‘आम्हाला विचारा’ असा गोल बिल्ला तरंगतो. ‘पुढे’ हे बटण बरोबर त्याच्या खाली झाकलेलं आहे. ‘पुढे’ दाबलं की गप्पांची चौकट उघडते. ती बंद करायची फुली इतकी बारीक की बोट तिच्यावर बसत नाही. दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल तरी द्या असं ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या प्रमाणात आहे, आणि तेही किमान. शेतात काम करणाऱ्या बोटांना त्याहून मोठी जागा लागते.

रकान्यात काय लिहायचं ते रकान्याच्या आतच फिकट राखाडी अक्षरात लिहिलंय, आणि टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. अर्ध्यावर माणूस विसरतो की इथे आईचं नाव मागितलं होतं की आईचं माहेरचं. ते राखाडी अक्षर पांढऱ्यावर मलाच चष्मा लावून दिसत नाही. साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांत साडेचारास एक इतका तरी फरक हवा. हा फरक मोजायची साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात.

‘मराठी’ बटण आहे, पण दाबल्यावर फक्त वरचा मेनू मराठी होतो, तोही यंत्राने केलेला. ‘होम’चं ‘घर’. ‘सेव्ह’चं ‘वाचवा’. एका आजींनी मला विचारलं होतं, ‘कुणाला वाचवायचं गं?’ आत फॉर्ममध्ये रकान्यांची नावं सगळी इंग्रजीच. करवीर, कागल, शिरोळ, आजरा, चंदगड, भुदरगड इथल्या लोकांसाठी केलेला फॉर्म मराठीत नसावा, याला काही कारण आहे का? असेल तर मला खरंच ऐकायचंय.

कॅप्चातला, म्हणजे भरणारा माणूसच आहे हे तपासायला दाखवतात त्या वाकड्या अक्षरांतला, शून्य आणि ओ ओळखण्यात माझी दिवसाची किती मिनिटं जातात ते राहू द्या. पण माझ्याकडे एक तरुण येतो, त्याला दिसत नाही. विद्यापीठात एमए करतो, फोनवरचं सगळं टॉकबॅकवर (पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) ऐकून स्वतः करतो. बँक, रेल्वेचं तिकीट, सगळं. तुमचा फॉर्म मात्र माझ्याकडे घेऊन आला. मी विचारलं, का रे, तुला तर येतं. त्याने फोन माझ्या कानाला लावला आणि पानावरून बोट फिरवलं. फोन बोलत होता: ‘लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. संपादन चौकट. संपादन चौकट.’ कुठल्या चौकटीत काय लिहायचं, हे तुम्ही पडद्यावर दाखवलंत, पण फोनला सांगितलंच नाहीत. प्रत्येक रकान्याला त्याचं नाव आतून जोडणं हे साइट बनवणाऱ्याचं काही मिनिटांचं काम असतं. ते झालं नाही म्हणून एमए करणाऱ्या मुलाला स्वतःच्या घरचं उत्पन्न, आधार, आजारपण सगळं मला वाचून दाखवावं लागलं. त्याला ते आवडलं नाही, आणि मलाही नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. तो सरकारी कचेऱ्यांपुरता नाही, सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू होतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला. सरकारी वेबसाइटसाठी तर २००९ पासून मार्गदर्शक नियम आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. कायद्याचा धाक घालायला हे लिहीत नाही. ‘आमच्यावर असं काही बंधन नाही’ हे उत्तर मला एका ठिकाणी मिळालं, म्हणून लिहिलं.

पानाच्या तळाला ‘इंटरनेट एक्सप्लोररवर उत्तम दिसते’ असं अजून लिहिलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर १५ जून २०२२ ला बंद केला. आणि ज्या सूचनेपुढे ‘नवीन’ असं लुकलुकतंय ती तीन वर्षांपूर्वीची आहे. एका पोरीने त्या जुन्या सूचनेतली फी भरली, ती कमी पडली.

साइट बनवणाऱ्या मुलामुलींनो, आता तुमच्याशी. तुमच्यातले बरेच जण इथलेच आहेत, राजारामपुरी-शाहूपुरीत बसून काम करणारे, मला माहीत आहे. तुम्हाला येत नाही असं मी म्हणत नाही. साइट मोठ्या पडद्यावर, ऑफिसच्या वायफायवर बनते. मंडळींना प्रोजेक्टरवर दाखवली जाते. तिथे सरकते फोटो छान दिसतात, टाळ्या पडतात, बिल मंजूर होतं. गगनबावड्यात एका काडीच्या रेंजवर, फुटक्या काचेच्या फोनवर ती कशी दिसते हे कुणी मागत नाही, म्हणून तुम्हीही दाखवत नाही. पुढच्या वेळी न मागता दाखवा. विश्वस्त मंडळींनी तेवढं बघूनच बिल मंजूर करावं.

पान कसं असावं हे आपल्याला पुराने शिकवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये अख्खं शहर दर तासाला एकच गोष्ट शोधत होतं: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर एक ओळ फिरायची, बंधाऱ्याचं नाव, फूट, इंच, वेळ. ना फोटो सरकत होते, ना पट्टी पळत होती. बॅटरी दहा टक्के असलेल्या माणसालाही ती ओळ वाचता यायची, आणि तेवढ्यावर तो ठरवायचा की म्हशी कधी हलवायच्या. तुमच्याकडे येणाऱ्यालाही इतकंच हवं असतं. शेवटची तारीख कोणती, फी किती, कागद कुठले, अर्ज कुठे. या चार ओळी पहिल्या पानावर सगळ्यात वर मराठीत लिहा. उद्घाटनाचे फोटो त्याखाली खुशाल ठेवा.

माझ्या मागण्या अशा:

वेबसाइट दुरुस्त होईपर्यंत खिडकी आठवड्यातून किमान दोन दिवस उघडी ठेवा. त्यातला एक बाजाराचा दिवस असू द्या, गावाकडची माणसं त्या दिवशी शहरात असतात.

प्रत्येक सूचना युनिकोड मराठीत, पानावरच, तारखेसह लिहा. सही-शिक्क्याचा कागद हवा तर सोबत जोडा. मुदत संपलेल्या सूचना जुन्यांच्या पानावर हलवा.

अर्ज पहिल्या पानापासून आपोआप जतन होऊ द्या आणि अर्ज क्रमांक सुरुवातीलाच द्या. पैसे अडकले तरी माणसाच्या हातात तो क्रमांक असेल. चूक झाली तर कुठल्या रकान्यात आणि काय, ते त्या रकान्यापाशी मराठीत सांगा. बाकीचं पुसू नका.

जन्मतारीख टाइप करता येऊ द्या. तालुके-गावं मराठीत लिहा आणि गावापुढे तालुका लिहा, म्हणजे बावड्याचा घोळ होणार नाही.

टॉकबॅक वापरणाऱ्या एका माणसाकडून संपूर्ण फॉर्म भरून घ्या, आणि त्या कामाचे त्याला पैसे द्या.

कार्यालयीन वेळेत माणूस उचलेल असा एक फोन नंबर प्रत्येक पानावर द्या. तुमच्या कारकुनांना अर्जाची स्थिती बघायची आणि अडकलेला अर्ज सोडवायची परवानगी द्या. ते काम त्यांना तुमच्या साइटपेक्षा चांगलं येतं.

ज्यांची फी कापली गेली आणि पावती आली नाही, त्यांचे अर्ज मुदतीत आले असं लेखी जाहीर करा. माझ्या वहीत असे नऊ जण आहेत, त्यांच्या बँकेच्या नोंदींच्या प्रती माझ्याकडे आहेत. मामांचा अर्ज त्यातलाच. आज सतरावा दिवस आहे. त्यांचा दर दोन दिवसांनी फोन येतो, रेंज मिळायला टेकावर चढून करतात, आणि पहिलं वाक्य असतं, ‘ताई, तुमच्या कामात नसंल तर.’

दुकान सकाळी नऊला उघडतं, रात्री आठला बंद होतं. ज्यांनी ही साइट बनवली आणि ज्यांनी ती मंजूर केली, त्यांच्यापैकी एकेकाने एक दिवस यावं आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसावं. मी काही बोलणार नाही. येणारी माणसं काय विचारतात ते ऐका, आणि दिवसातला एक तरी अर्ज तुमच्या स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, शेवटच्या पावतीपर्यंत भरून द्या. सोमवारी आलात तर गर्दी जास्त असते, म्हणून सोमवारीच या.

आपली नम्र,
बसस्थानकाजवळची फॉर्म भरून देणारी,
कोल्हापूर